चित्रांत नसलेला पहारा

लंडनच्या टेट गॅलरीच्या संग्रहीं थॉमस गर्टिन या इंग्रज चित्रकाराचें एक जलरंगांतील चित्र आहे. इंग्लंडच्या ईशान्य टोकाला नॉर्थम्बरलंड नांवाचा परगणा आहे. त्याच्या समुद्रकांठीं बॅम्बरो म्हणून एक जुना किल्ला आहे. त्या किल्ल्याच्या पडक्या भागाचें हें चित्र. गर्टिन इ. स. १७९६ मध्यें उत्तरेकडे प्रवासास गेला होता, आणि त्या प्रवासांत केलेल्या रेखनांवरून पुढील दोन-तीन वर्षांत केव्हां तरी त्यानें तें रंगविलें. चित्रांत पाहावयाचें म्हटलें तर वस्तु फार थोड्या. काळा खडक वर चढत गेलेला, त्याच्या माथ्यावर भग्न बुरूज, वर जड आभाळ, आणि खालीं, पुष्कळ खालीं, समुद्र. खडक कोठें संपला आणि माणसाच्या हातचें दगडकाम कोठें सुरू झालें हें चटकन ओळखूं येत नाहीं; जणू कांहीं हा बुरूज कोणी बांधलाच नाहीं, खडकांतून तो उगवला आणि आतां पुन्हा खडकांत परत चालला आहे. पाहणाराच्या मनावर ठसतें तें एवढेंच कीं, येथें कधीं काळीं कोणी तरी राहत असे, आतां कोणी राहत नाहीं, आणि समुद्राला दोहोंचीहि गणती नाहीं.

गर्टिनच्या आधींच्या पिढींत जलरंगांतील देखावे हे बहुधा रंगविलेल्या रेखाकृतीच असत. प्रथम शाईची रेघ, मग करड्या छायेचा हात, मग वरून रंगाचा पातळ पुसट लेप. आणि हेतु हा कीं, अमक्या जहागीरदाराचा वाडा किंवा तमुक मठाचा अवशेष ओळखूं यावा. पुराणवस्तूंच्या शोधकांना अशीं चित्रें हवीं असत, आणि गर्टिनचा स्वतःचा हातहि तशाच कामावर बसलेला होता. पण या चित्रांत त्यानें तें सारें टाकून दिलें आहे. जाड्याभरड्या कागदावर रुंद कुंचल्यानें त्यानें रंगाचे मोठमोठे भाग ओतले, आणि माहिती देण्याचें काम सोडून देऊन तो मनाची एक अवस्था देऊं लागला. इंग्लंडमधील जलरंगाची कला येथें वयांत आली असें म्हणावयास हरकत नाहीं. हें करणारा मुलगा बावीस-चोवीस वर्षांचा होता, हें लक्षांत आलें म्हणजे कौतुकाला थोडी असूयाहि येऊन मिळते.

या चित्राविषयीं लिहावेंसें वाटलें त्याचें कारण मात्र चित्रांत नाहीं, चित्राबाहेर आहे. गर्टिन तेथें गेला त्या वर्षीं बॅम्बरोचा किल्ला ओसाड नव्हताच.

डरहॅमचा बिशप लॉर्ड क्रू हा इ. स. १७२१ मध्यें वारला, तेव्हां त्यानें आपली मोठी मिळकत धर्मादाय ठेवली, आणि बॅम्बरोचा किल्ला त्या मिळकतींतच होता. पुढें विश्वस्तांपैकीं जॉन शार्प या आर्चडीकनानें त्या ठेव्याचें सोनें केलें. गुलामगिरीविरुद्ध झगडणारा ग्रॅन्व्हिल शार्प हा या जॉनचाच धाकटा भाऊ. घराण्याचें पाणीच तसलें होतें. किल्ल्याचा कांहीं भाग पडका राहिला, परंतु बालेकिल्ल्याची दुरुस्ती इ. स. १७५७ पासूनच सुरू झाली होती. त्या दुरुस्त इमारतींत शार्पनें गोरगरिबांच्या मुलामुलींसाठीं शाळा घातल्या, दवाखाना काढला, ग्रंथसंग्रह केला. महागाईच्या दिवसांत गरिबांना स्वस्त दरानें धान्य मिळावें म्हणून कोठार बांधलें, आणि तें दळण्यासाठीं पवनचक्कीहि उभारली. ज्या खडकावर कोणीच नाहीं असें चित्र सांगतें, त्या खडकावर त्या काळीं सकाळीं पोरांचा गलका होत असे, आणि दाण्यासाठीं पिशव्या घेऊन आलेल्या बायका वाट पाहत उभ्या असत.

पण याहून महत्त्वाची गोष्ट पहाऱ्याची. तो सारा किनारा जहाजांना घातक. ज्या काळ्या, कठीण अग्निजन्य कातळावर किल्ला उभा आहे, तोच कातळ समुद्रांत शिरून फार्न नांवाच्या बेटांच्या रूपानें जागोजाग डोकें वर काढतो, आणि भरतीच्या वेळीं त्याचा बराच भाग पाण्याखालीं दडतो. मालाचीं गलबतें तेथून सतत जात. शार्पनें किल्ल्याचे नियमच घालून दिले होते. दाट धुकें पडलें कीं ठराविक वेळानें तोफ उडवावयाची, म्हणजे जहाजांना खडक कोठें आहे तें कळावें. मासेमारीच्या होड्यांसाठीं घंटा वाजवावयाची. मोठें वादळ झालें कीं दोन घोडेस्वार सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत किनाऱ्यानें फिरते ठेवावयाचे. दोन अशासाठीं कीं, एखादें जहाज खडकावर चढलेलें दिसलें तर एकानें तेथेंच जहाजापाशीं थांबावें आणि दुसऱ्यानें किल्ल्यावर वर्दी द्यावी. संकटांत सांपडलेल्या जहाजाची पहिली बातमी जो कोणी आणील त्याला बक्षीस, आणि मध्यरात्रीनंतर पहाटे तीनपर्यंत आणली तर दुप्पट. वांचलेल्या खलाशांसाठीं खाटा आणि अंथरुणें तयार. वाहून आलेला माल मालकांच्या नांवें सांभाळून ठेवण्यासाठीं वखारी. आणि जे वांचले नाहींत त्यांचें दफन संस्थेच्या खर्चानें. इ. स. १७८६ मध्यें लंडनमधील ल्यूकिन नांवाच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिराकडून एका साध्या मासेमारीच्या नावेला बूच व हवेचीं पोकळ खणें बसवून ती न बुडणारी करून घेतली गेली. जगांतील अगदीं पहिल्या जीवरक्षक नावांत तिची गणना होते.

या नियमांत एक कलम असें आहे कीं, तें वाचल्यापासून माझ्या मनांतून जात नाहीं. फार्न बेटांवर कोणी आपद्ग्रस्त दिसला तर किल्ल्यावर निशाण चढवावें. कशासाठीं, तर आपण कोणाच्या तरी दृष्टीस पडलों आहों आणि मदत येणार आहे, हें त्या माणसांना समजावें म्हणून. नाव समुद्रांत घालण्याजोगी स्थिति येण्यास कदाचित् पुष्कळ तास लागतील. तेवढ्या तासांत खडकाला बिलगून बसलेल्या माणसाला किनाऱ्यावरून द्यावयास कांहींच नाहीं. फक्त ‘तूं दिसलास’ एवढें त्याला कळवितां येतें. तें कळवावें, असा नियम.

म्हणजे एकाच खडकावरून समुद्राकडे पाहणाऱ्या दोन दृष्टि होत्या. एक पहारेकऱ्याची, जी पाण्यांत कोणी माणूस आहे काय हें शोधीत असे. दुसरी चित्रकाराची, जिला तेथें कोणीच नको होतें. दुसऱ्या दृष्टीनें पहिलीला चित्रांतून वगळलें. हें वगळणें दोषास्पद आहे काय? चित्राचा दर्जा यानें उणा होतो असें मी म्हणत नाहीं. तें चित्र थोरच आहे, आणि म्हणूनच प्रश्न विचारण्यालायक होतो. सुमार चित्रानें काय वगळलें याची चौकशी कोण करतो?

या प्रश्नाचीं दोन उत्तरें आपल्या वाचकांच्या तोंडीं तयार असतात. इ. स. १९३० नंतरच्या काळांत फडके आणि खांडेकर या दोन नांवांभोंवतीं ‘कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला’ हा वाद महाराष्ट्रांत इतका गाजला कीं, पक्ष घेतल्याशिवाय या विषयावर बोलावें कसें हेंच आपण कांहींसे विसरलों आहों. एक पक्ष म्हणेल, कलावंताला निवडीचें स्वातंत्र्य आहे, संपला प्रश्न. दुसरा म्हणेल, ज्या कलेला उपाशी बाई आणि बुडता खलाशी दिसत नाहीं ती कला आंधळी. दोन्ही उत्तरांत एक समान दोष आहे: तीं देण्यासाठीं चित्र पाहण्याची गरज लागत नाहीं. आपण चित्राकडेच परत जाऊं.

समजा, गर्टिननें खालच्या वाळूवर कंदील घेतलेला एक स्वार काढला असता. एवढासा, नखाएवढा. काय झालें असतें? चित्राचा सगळा तोल त्या नखाएवढ्या आकृतीकडे झुकला असता. आपण विचारूं लागलों असतों कीं, हा कोणीकडे चालला आहे, कोणाला शोधतो आहे, त्याला तो माणूस सांपडेल काय? भीति कोणाची तरी झाली असती, आणि तिच्यावर कोणता तरी उपाय चालू आहे असें दिसलें असतें. चित्राची गोष्ट झाली असती. गोष्टी वाईट नसतात. पण हें चित्र जें करतें तें मग झालें नसतें.

आपल्या साहित्यशास्त्राच्या भाषेंत हें अधिक नेमकें सांगतां येतें. भयानक रसाची फोड करतांना अभिनवगुप्तानें शाकुंतलाच्या पहिल्या अंकांतील हरिणाचें उदाहरण घेतलें आहे. मागें रथ, पुढें धांवणारें भ्यालेलें हरिण. प्रेक्षकाला जी भीति प्रतीत होते ती त्या विशिष्ट हरिणाची नव्हे, आणि प्रेक्षकाची स्वतःचीहि नव्हे; देश, काल आणि व्यक्ति यांचीं बंधनें गळून पडलेली अशी ती नुसती भीति असते, आणि म्हणूनच ती आस्वाद्य होते. न. चिं. केळकरांनीं इ. स. १९२१ च्या बडोद्याच्या संमेलनांत सविकल्प समाधीची जी कल्पना मांडली, तीहि याच वाटेवरची: वाचक आपलेंपण न सोडतां दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरतो. परंतु दोन्ही उपपत्तींना एक हरिण लागतें. कोणी तरी भ्यालेला असावा लागतो, म्हणजे त्याच्या भीतींत शिरतां येतें. गर्टिनच्या चित्रांत हरिणच नाहीं. तेथें शिरावयाचें तें कोणाच्या भूमिकेंत? अर्थात् पाहणाराच त्या खडकापुढें उभा राहतो, एकटा, आणि ज्या गोष्टीला आपली गणती नाहीं अशा गोष्टीसमोर उभें राहणें म्हणजे काय याचा त्याला अनुभव येतो. हा अनुभव खरा आहे. माणसाच्या आयुष्यांत तो केव्हां ना केव्हां येतोच, बहुधा आजारपणांत किंवा स्मशानांतून परततांना, आणि त्या वेळीं तो निवांतपणें पाहण्याची सवड नसते. ती सवड चित्र देतें. त्यासाठीं चित्र रिकामें असणें हें अलंकारासाठीं नव्हे, तर अटीसारखें आवश्यक आहे. शाळेंतील पोरें तेथें आलीं कीं तो अनुभव मोडला. चित्रकाराच्या बाजूनें यापेक्षां बळकट कैफियत मला सुचत नाहीं, आणि ती मला पटतेहि.

पण तिच्यांत एक शब्द अजून उघडून पाहिलेला नाहीं, तो म्हणजे सवड. लुक्रेशियस या रोमन कवीनें दोन हजार वर्षांपूर्वीं म्हणून ठेवलें आहे कीं, वाऱ्यानें खवळलेल्या समुद्रांत दुसरा कोणी धडपडत असतां कांठावरून पाहणें गोड वाटतें. दुसऱ्याच्या दुःखाचा आनंद होतो म्हणून नव्हे, तर आपण कशांतून सुटलों आहों तें दिसतें म्हणून. एडमंड बर्कनें इ. स. १७५७ मध्यें सुंदर आणि उदात्त यांच्या उगमाविषयीं जो ग्रंथ लिहिला, त्यांत या गोड वाटण्याला शास्त्राचें रूप दिलें: संकट फार अंगाशीं आलें तर तें नुसतें भयंकर असतें, कांहीं अंतरावर ठेवलें म्हणजे त्यांतच आनंद वाटूं लागतो. इ. स. १७९० मध्यें कांटनेंहि तीच अट घातली; खडक, वादळ, ज्वालामुखी हीं आपण सुरक्षित जागीं असूं तरच उदात्त वाटतात. गर्टिनची पिढी याच विचारांत वाढली. इंग्लंडमधील सुखवस्तु लोक डोंगर आणि कडे पाहण्यासाठीं मुद्दाम प्रवास करूं लागले तेहि याच काळांत. त्यांच्या पणजोबांना तीच ठिकाणें नुसतीं गैरसोयीचीं वाटत असत.

बर्क मात्र येथें थांबत नाहीं, आणि त्याचा पुढचा मुद्दा आपल्या प्रश्नाच्या अगदीं वर्मावर बसणारा आहे. तो म्हणतो कीं, दुसऱ्याची विपत्ति पाहण्यांत आपल्याला एक प्रकारचें आकर्षण असतें, आणि तें असणें ही ईश्वराचीच योजना आहे. आकर्षण नसतें तर आपण दुःखाच्या जागेपासून तोंड फिरवून निघून गेलों असतों. आकर्षणामुळें आपण जवळ जातों. जवळ गेल्यावर सहानुभूतीची वेदना होते. आणि ती वेदना घालविण्यासाठीं आपण मदतीला धांवतों. या तर्काचा तो एक बोचरा दाखलाहि देतो: उत्तमांत उत्तम शोकांत नाटक चालू असूं द्या, आणि शेजारच्या चौकांत एका बड्या राजकीय गुन्हेगाराला फांशी देणार आहेत अशी बातमी येऊं द्या, क्षणांत नाटकगृह रिकामें होईल.

दाखला खरा आहे. पण मला वाटतें, तो बर्कच्याच विरुद्ध जातो. नाटकगृहांतून धांवत सुटलेले ते लोक चौकांत कोणाला मदत करावयास चालले होते? आकर्षण त्यांना जवळ घेऊन गेलें खरें, पण जवळ जाऊन त्यांनीं पाहिलेंच. बघ्यांच्या गर्दीला मदतीची गर्दी समजण्याची चूक बर्कसारख्या चतुर माणसानें करावी याचें नवल वाटतें. बॅम्बरोच्या पहाऱ्याचे नियम पाहा. त्यांत आकर्षणावर कांहींच सोंपविलेलें नाहीं. वादळ आलें म्हणजे कोणी तरी कुतूहलानें किनाऱ्यावर जाईलच, मग त्याला दया येईल, मग तो हालचाल करील, अशी साखळी शार्पनें गृहीत धरली नाहीं. त्यानें दोन घोडे नेमले, वेळ ठरविली, बक्षीस लावलें, आणि मध्यरात्रीच्या गारठ्यांत चांगुलपणा पातळ होतो हें ओळखून तें दुप्पट केलें. हा पाद्री माणसाच्या स्वभावाचा बर्कहून चांगला जाणकार होता असें म्हणावेंसें वाटतें. भव्य-भीषणाची ओढ आणि मदतीची धांव यांचा एकमेकींशीं आपोआप संबंध जडत नाहीं. तो मुद्दाम जडवावा लागतो, नियम करून, पगार देऊन.

असें असेल तर चित्रापासून ती अपेक्षाच करूं नये हें ओघानें आलें. हें ज्याला नीट उमगलें होतें असा एक माणूस त्या काळीं होता, आणि गंमत अशी कीं, तो चित्रोपमतेचा पंथ काढणारांपैकींच. विल्यम गिल्पिन हा धर्मोपदेशक होता, आणि प्रेक्षणीय स्थळांकडे चित्रकाराच्या डोळ्यानें कसें पाहावें यावर त्याचीं पुस्तकें इंग्लंडभर वाचलीं जात. वाय नदीवरच्या पुस्तकांत, टिंटर्नच्या भग्न मठाचे त्रिकोणी कोपरे डोळ्याला खुपतात, हातोड्याचे चार ठोके बेतानें मारले तर बरें होईल, असें त्यानें लिहिलें आहे. दुसऱ्या एका ठिकाणीं तो सरळ सांगतो कीं, नीतीच्या दृष्टीनें उद्योगी कारागीर हा रेंगाळणाऱ्या खेडुतापेक्षां अधिक सुखावह देखावा होय. चित्राच्या दृष्टीनें नेमकें उलट. हें वाचून आजचा वाचक खवळतो. परंतु हाच गिल्पिन बोल्डर या खेड्याचा पाद्री म्हणून वर्षानुवर्षें राबला, आणि स्वतःचीं रेखाचित्रें विकून आलेला पैसा त्यानें तेथील गरीब मुलांच्या शाळेला कायमचा लावून दिला. कागदावर त्यानें आळशी माणूस पसंत केला आणि त्या कागदाच्या किमतींतून पोरांना उद्योगाला लावलें. याला ढोंग म्हणणारे म्हणोत. मला तर हा हिशेबाचा प्रामाणिकपणा वाटतो: दोन खातीं वेगळीं आहेत हें त्याला ठाऊक होतें, आणि एका खात्याची शिल्लक त्यानें दुसऱ्यांत कधीं दाखविली नाहीं.

घोटाळा होतो तो खातीं मिसळलीं म्हणजे. डॉर्सेट परगण्यांत मिल्टन ॲबे म्हणून एक जुना मठ आहे. जोसेफ डेमर, लॉर्ड मिल्टन, यानें तो विकत घेऊन शेजारीं वाडा बांधला. वाड्याला लागून एक जुनें बाजारपेठेचें गांव होतें. घरें, दुकानें, शाळा, सर्व कांहीं असलेलें. साहेबांच्या खिडकींतून दिसणाऱ्या देखाव्यांत तें बसेना. इ. स. १७८० च्या आगेंमागें, घरांच्या मुदती जसजशा संपत गेल्या तसतसें, तें गांव हळूहळू पाडून टाकण्यांत आलें. त्याच्याऐवजीं थोड्या अंतरावर, दृष्टीआड, एक आटोपशीर नवें खेडें वसविलें. जुन्या गांवाच्या जागीं हिरवळ आली. गर्टिननें कागदावर जें केलें तेंच येथें जमिनीवर केलेलें आहे. गर्टिनच्या कुंचल्यानें शाळेंतील एकहि पोर घराबाहेर पडलें नाहीं. चित्र पुरें झालें त्या दिवशींहि बॅम्बरोच्या कोठारांत धान्य होतें आणि तोफेपाशीं माणूस होता. लॉर्ड मिल्टनच्या चित्रांतून वगळलेल्या माणसांना मात्र खरोखरच बिऱ्हाडें उचलावीं लागलीं. वगळण्याचा दोष कोठें सुरू होतो असें मला कोणी विचारलें तर मी या दोन रिकामपणांकडे बोट दाखवीन. आणि हेंहि कबूल करीन कीं, लॉर्ड मिल्टनची नजर तयार झाली ती कांहीं अंशीं चित्रें पाहूनच. ज्या जागीं माणसें आहेत तेथें नसलेलीं पाहण्याची एकदां संवय लागली म्हणजे हातोडा फार दूर राहत नाहीं.

मग चित्रकारानें माणसें दाखवावींत हाच यावरचा उतारा काय? त्याचीहि परीक्षा त्याच किनाऱ्यावर झाली आहे. इ. स. १८३८ च्या सप्टेंबरांत फॉरफरशायर नांवाची आगबोट फार्न बेटांवर आपटून फुटली. लाँगस्टोनच्या दीपगृहाच्या रखवालदाराची बावीस वर्षांची मुलगी ग्रेस डार्लिंग बापाबरोबर वल्हीं मारीत त्या खवळलेल्या पाण्यांत गेली, आणि खडकावर अडकलेलीं नऊ माणसें वांचलीं. ग्रेसचा जन्म बॅम्बरोचाच, आणि पुढें तिला मूठमाती मिळाली तीहि बॅम्बरोलाच. या वेळीं चित्रकारांनीं माणसाला वगळलें नाहीं. ते होड्या करकरून दीपगृहावर गेले. एकामागून एक अनेकांनीं तिला समोर बसवून तिचीं चित्रें काढलीं. लोकांनीं तिच्या केसांच्या बटा मागितल्या. दीपगृहांत कामाला जुंपलेली ती मुलगी स्वतःचें चित्र काढून घेतां घेतां थकून गेली. क्षयानें ती इ. स. १८४२ मध्यें वारली. तिच्या मरणाचा दोष मी चित्रकारांवर टाकीत नाहीं. पण कृतीचा देखावा झाला कीं तोहि लांबून, सुरक्षित जागेवरून, चवीनें पाहतां येतो, आणि पाहणाराला वर समाधान मिळतें कीं आपण नुसता खडक नाहीं, सद्गुण पाहत आहों. तें समाधान रिकाम्या खडकानें दिलेल्या आनंदापेक्षां जास्त निर्मळ आहे असें मला छातीठोकपणें सांगतां येत नाहीं. गर्टिनचें चित्र निदान खोटा दिलासा तरी देत नाहीं.

गर्टिनविषयीं एवढें तरी सांगितलेंच पाहिजे कीं, कांठावर आरामांत बसून दुसऱ्याचें बुडणें पाहणारा तो कोणी धनिक नव्हता. साउथवर्कमध्यें साध्या घरांत तो जन्मला. डेज नांवाच्या चित्रकाराकडे त्यानें उमेदवारी केली. डॉक्टर मन्रो यांच्या घरीं टर्नरच्या शेजारीं बसून संध्याकाळच्या संध्याकाळ तो मजुरीनें दुसऱ्यांच्या चित्रांच्या नकला करीत असे. त्याच्या छातीला विकार होता. इ. स. १८०२ च्या नोव्हेंबरांत, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, तो गेला. ज्या गोष्टीला आपली गणती नाहीं तिच्यासमोर उभें राहणें म्हणजे काय, हें त्याला पुस्तकांतून शिकावें लागलें नसावें. त्याच्या पुष्कळ चित्रांतील निळा रंग आतां उजेडानें विटला आहे, आणि ढग मूळच्यापेक्षां तांबूस दिसतात. नीळ उजेडांत टिकत नाहीं. म्हणून अशीं चित्रें बहुतेक काळ अंधारांत, पेट्यांत ठेवतात आणि मधून मधून थोडे दिवस मंद प्रकाशांत बाहेर काढतात.

किल्ल्याचें पुढें काय झालें, तर इ. स. १८९४ मध्यें तो तोफांचा मोठा कारखानदार लॉर्ड आर्मस्ट्राँग यानें विकत घेतला आणि त्याची सगळीकडून डागडुजी करून टाकली. आज तेथें गर्टिनचा ओसाडपणाहि नाहीं आणि शार्पचा पहाराहि नाहीं. तिकीट काढून आंत जातां येतें.

पहाऱ्याची हकीकत कळल्यानंतर मीं तें चित्र पुन्हा पाहिलें. वाटलें होतें, चित्र आतां थोडें फिकें पडेल. तसें झालें नाहीं; खडक तितकाच काळा होता, आणि त्याच्यापुढें पूर्वींइतकेंच एकटें वाटलें. फरक झाला तो एवढाच कीं, बुरुजाकडे पाहतां पाहतां डोळा आतां आपोआप खालीं जातो, जेथें खडक संपून किनारा सुरू होत असावा तेथें. तेथें वाळू किती रुंद असेल, आणि भरती चढलेल्या रात्रीं दोन घोडे जाण्यापुरती ती उरत असेल काय, हें चित्रावरून ठरवितां येत नाहीं.